‘टीचर, हे चीटिंग आहे!’ : पाचवी ते सातवीच्या मुलांना धर्मशिक्षण देताना

(समोर टेबल. टेबलावर स्टीलची वाटी, त्यात सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी.)

नमस्कार! ही वाटी बघून ठेवा, पुढे लागणार आहे.

मी वसईत एका कॅथोलिक धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. सकाळी साडेसातची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मग नऊ ते दहा वर्ग. माझ्याकडे पाचवी, सहावी, सातवीची मुलं. सगळ्यात अवघड वर्ग कुठला, असं कुणी विचारलं तर मी हाच सांगते. लहान मुलांना पहिल्या कम्युनियनची, म्हणजे मिस्सेत पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याची, ओढ असते, पांढरे कपडे, फोटो, पाहुणे. मोठ्यांना दृढीकरण संस्काराची (कन्फर्मेशनची) तयारी असते. मधल्यांना काय? काहीच नाही. आईने उठवलं म्हणून आलेली, अर्धी झोपेत असलेली मुलं. आपण त्यांना एकतर बाळांसारखं शिकवतो, चित्र रंगवा म्हणतो, नाहीतर मोठ्यांचं प्रवचनच थोडं छोटं करून ऐकवतो. दोन्ही फसतं.

या वयाचं एक वैशिष्ट्य आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला न्याय फार कळतो. कुणाला किती मिळालं, कुणाचा नंबर आधी होता, कुणी रांग मोडली, याचा हिशोब त्याच्या डोक्यात चोवीस तास चालू असतो. घरात केक कापताना बघा, सुरीकडे कुणाची नजर असते. म्हणून या वर्गाला मी द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट देते, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला विसावा अध्याय. ही गोष्ट त्यांच्या न्यायबुद्धीवर नेमका पाय देते.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. मालक पहाटे मजूर बघायला बाहेर पडतो, दिवसाचा एक दीनार ठरतो. नऊला परत जातो, मग बाराला, मग तीनला, आणि शेवटी संध्याकाळी पाचला. सहाला मजुरी वाटायची वेळ येते. पाचला आलेल्यांना आधी बोलावतात आणि पूर्ण दीनार देतात. पहाटेपासून राबलेल्यांनाही तेवढाच, एक दीनार.

आता आम्ही काय केलं ते सांगते. मागच्या पावसाळ्यात, सहावीचा वर्ग. मी चिठ्ठ्या वाटल्या. ‘पहाट’वाल्यांना सगळी बाकं भिंतीला लावायची, वर्ग झाडायचा, गायनाची पुस्तकं आकाराप्रमाणे रचायची. ‘नऊ’वाले थोड्या वेळाने आले, मग ‘बारा’, मग ‘तीन’. ‘पाच’वाली चार मुलं बाहेर व्हरांड्यात पाऊस बघत उभी होती. त्यांना अगदी शेवटी बोलावलं आणि एकच बाक सरकवायला सांगितलं. मग मी ही वाटी काढली. आधी पाचवाले: एकेकाला एक नाणं. पहाटवाल्यांचे डोळे चमकले, त्यांनी मनात गुणाकार सुरू केला होता, चेहऱ्यावरून कळत होतं. मग त्यांची पाळी आली, आणि त्यांच्याही हातावर एकच.

(एक नाणं उचलून कॅमेऱ्यासमोर धरते.)

एक मुलगा, आपण त्याला झाडूवाला म्हणू कारण वर्ग त्यानेच झाडला होता, ताडकन उठला. “टीचर, हे चीटिंग आहे!” आणि मग सगळा वर्ग. इतका आरडाओरडा की शेजारच्या वर्गातल्या सिस्टर डोकावून गेल्या.

आता इथे शिक्षकाची खरी परीक्षा असते. मी आठ वर्षं काय करत होते, कबूल करते. मुलं चिडली की मी लगेच सांगायचे: बाळांनो, मालक म्हणजे देव, द्राक्षमळा म्हणजे देवाचं राज्य, देवाचं प्रेम सगळ्यांवर सारखं. मुलं माना डोलवायची. गोष्टीवर झाकण पडायचं. पुढच्या रविवारी विचारलं तर कुणाला काही आठवायचं नाही, नाणं तेवढं आठवायचं.

या वेळी मी तोंड बंद ठेवलं. हे लिहायला सोपं, करायला महाकठीण. मी फळ्यावर एवढंच लिहिलं: ‘पाचवाले दिवसभर काय करत होते?’

उत्तरं आली. “झोपले असतील.” “मोबाईल बघत असतील.” हशा. मी शुभवर्तमान उघडून तेवढंच वाक्य परत वाचलं: मालक विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. आमच्याकडे स्टेशनबाहेर मजुरांचा नाका भरतो, शाळेत जाताना मुलं तो रोज बघतात. मी विचारलं, नाक्यावर सकाळी कुणाला आधी उचलतात? “तगड्या लोकांना.” “ज्यांची ओळख असते त्यांना.” मग मागे कोण राहतं? “म्हातारे.” “ज्यांच्या पायाला काहीतरी झालंय ते.” आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल, ती म्हणाली, “टीचर, पाच वाजेपर्यंत उभे होते म्हणजे आळशी नव्हते. आळशी असते तर घरी गेले असते.”

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

मग मी दीनारचं सांगितलं. रोमन चांदीचं नाणं, मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी. म्हणजे एका घराची एका दिवसाची चूल. आपण प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ म्हणतो, ती भाकर या नाण्यात होती. पाचवाल्याला तासाच्या हिशोबाने दिलं असतं, तर दीनारचा बारावा भाग. त्यात घरी किती भाकऱ्या जातील? मुलांनी भागाकार केला. काही जण गप्प झाले. झाडूवाला गप्प झाला नाही. तो म्हणाला, “ठीक आहे, पण मग उद्या सगळे पाचलाच येतील!”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. येशूच्या गोष्टीतही नाही, गोष्ट तिथेच संपते. मी म्हटलं, चांगला प्रश्न आहे, आणि बेल झाली.

इथे जरा अभ्यासाचं बोलू. इंग्लंडमध्ये रोनाल्ड गोल्डमन यांनी १९६० च्या दशकात मुलांना बायबलमधल्या तीन गोष्टी ऐकवून प्रश्न विचारले: मोशे आणि जळतं झुडूप, तांबडा समुद्र ओलांडणं, आणि अरण्यात येशूची झालेली परीक्षा. त्यांना दिसलं की साधारण बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलं गोष्ट शब्दशः घेतात, अमूर्त अर्थ त्यांना पेलत नाही. त्यावरून बराच वाद झाला, लहानांना बायबल कमीच द्यावं का, इथपर्यंत. मला निरीक्षण पटतं, त्यावरून काढलेली भीती पटत नाही. मुलं वस्तूंतून विचार करतात ना? मग वस्तू द्या. नाणं द्या, झाडू द्या. ‘कृपा’, म्हणजे न कमावता मिळणारं देवाचं देणं, हा शब्द नंतर द्या. एकदा मी थेट विचारलं होतं, कृपा म्हणजे काय? उत्तर आलं, “प्लीज. कृपया रांगेत उभे राहा.”

दुसरी गोष्ट, या वयाचा आवडता प्रश्न: “हे खरंच झालं होतं का?” त्याला घाबरू नका, आणि ‘देवावर शंका घ्यायची नाही’ असं तर कधीच म्हणू नका. जो मुलगा हा प्रश्न मोठ्याने विचारतो तो अजून आपल्याजवळ आहे. मी त्यांना वेगवेगळे कप्पे करायला शिकवते. येशू ‘एक माणूस होता’ म्हणून सुरू करतो ती दृष्टान्ताची गोष्ट, तिथे त्या माणसाचा पत्ता शोधायचा नसतो. माशाच्या पोटात राहिलेल्या योनाची गोष्ट: चर्चमधलेच पुष्कळ अभ्यासक तिला बोधकथा मानतात, हे मुलांपासून लपवायचं काही कारण नाही. आणि पंतय (पोन्तिअस) पिलात, येशूला क्रूसाची शिक्षा देणारा रोमन अधिकारी? तो इतिहास. १९६१ साली इस्राएलमधल्या सीझरिया इथे उत्खननात एक दगड मिळाला, त्यावर त्याचं नाव लॅटिनमध्ये कोरलेलं आहे. त्या दगडाचा फोटो मी मोबाईलवर फिरवते. मुलं झूम करून अक्षरं वाचतात. ‘पोन्तिअस पिलातच्या अमलाखाली दुःख भोगले’ हे ती दर रविवारी श्रद्धाप्रकटनात म्हणत असतात. त्या दिवशी पहिल्यांदा ते नाव एका माणसाचं होतं.

तिसरा प्रश्न नाजूक आहे, आणि तो येतोच. “टीचर, माझी बेस्ट फ्रेंड हिंदू आहे. ती नरकात जाणार का?” एका मुलीने विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कुणीतरी तिला तसं सांगितलं होतं. अशा वेळी ‘फादरांना विचारू’ म्हणून टाळू नका. स्पष्ट सांगा: नाही, चर्च असं शिकवत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या सभेने, १९६४ मध्ये लिहून ठेवलंय की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्त ठाऊक नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं.

ज्यू लोकांचंही तसंच. दुःखभोगाची गोष्ट सांगताना ‘ज्यूंनी येशूला मारलं’ हे वाक्य आपल्या तोंडून निसटतं. १९६५ च्या घोषणापत्रात परिषदेने ते साफ नाकारलं, सगळ्या ज्यूंवर तो दोष टाकता येत नाही. पण मुलांना घोषणापत्र काय कळणार? मी त्यांना खाली कोकणात नेते. अलिबागच्या बाजूची बेने इस्राएल ही ज्यू मंडळी, घरात मराठी बोलणारी, पूर्वी तेलाचे घाणे चालवणारी. शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. आणि मग विचारते: येशू कुठला वार पाळायचा? वर्ग एका सुरात ओरडतो, “रविवार!” नाही हो, शनिवार. तो ज्यू होता. त्याची आई ज्यू, त्याचे मित्र ज्यू. दोन मिनिटं वर्गात कुजबुज चालते, मी चालू देते.

भाषेचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल. आमची बरीच मुलं इंग्रजी माध्यमात. घरी आजीशी सामवेदी किंवा वाडवळी या इथल्या बोली, शाळेत इंग्रजी, मिस्सा मराठीत. ‘शुभवर्तमान’ हा शब्द मुलांना परग्रहावरचा वाटतो. एकदा मी फळ्यावर ही ओवी लिहिली:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कीं रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

हरळ म्हणजे खडे. विचारलं, कुणी लिहिली असेल? ज्ञानेश्वर, तुकाराम, सगळी नावं आली. म्हटलं, फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज माणूस, १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचं ख्रिस्तपुराण छापून झालं, ओव्यांमध्ये, तेही रोमन अक्षरांत. झाडूवाल्याची शंका तयार: “त्याला मराठी टफ नाही गेलं?” गेलं असणार! पण ज्यांना बायबल सांगायचं ते पुराण ऐकत वाढलेले होते, म्हणून त्याने पुराण लिहिलं.

एक कामाची सूचना, जे शाळेत शिकवतात त्यांच्यासाठी. रविवारचा वर्ग वेगळा आणि शाळेचा तास वेगळा. अनुदानित शाळेत घटनेच्या कलम २८ प्रमाणे धार्मिक शिक्षणाला मुलाला बसवायचं तर पालकांची संमती लागते. म्हणून अनेक ख्रिस्ती शाळांत त्याच तासाला ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला आणि बाकीची मूल्यशिक्षणाला जातात. ही सीमा पाळा. आणि मूल्यशिक्षणाच्या वर्गात द्राक्षमळ्याची गोष्ट सांगायचा मोह झाला तर आधी मुख्याध्यापकांशी बोला.

बरं, नाण्यांचं राहिलं. पुढच्या रविवारी नऊला वर्ग सुरू झाला, झाडूवाला नव्हता. कधी न चुकणारा मुलगा. मला वाटलं ताप आला असेल, साथ होतीच. पावणेदहा झाले, मी वह्या गोळा करायला सुरुवात केली, आणि दारात हा उभा. केस विंचरलेले, शर्ट खोचलेला, अजिबात धापा टाकत नव्हता. सगळा वर्ग त्याच्याकडे बघतोय. तो सरळ टेबलापाशी आला आणि तळहात पुढे केला.

“टीचर, मी पाचवाला.”

वाटीत एकच नाणं उरलं होतं.

(वाटी उलटी करून दाखवते.)

दिलं. काय करणार!