शेंदराच्या डबीतली घोरपड

(पडद्यावर: मोबाइल, बोट खाली सरकतंय)

काही वर्षांपूर्वी नेटवर ‘हत्था जोडी’ शोधली की फोटोंची रांग लागायची. चांदीची डबी, शेंदूर आणि मधोमध काळपट, आकसलेलं काहीतरी, जोडलेल्या हातांसारखं. खाली मजकूर: दुर्मीळ वनस्पतीचं मूळ, अभिमंत्रित. कोर्टकचेरीत यश, तिजोरीत बरकत. घरपोच मिळेल.

ते मूळ नव्हतंच. नर घोरपडीचं जननेंद्रिय कापून वाळवलेलं असायचं. सरडे आणि सापांच्या नरांत हा अवयव जोडीनं असतो, म्हणून सुकला की हात जोडल्यासारखा दिसतो. 2017 मध्ये संशोधकांनी ऑनलाइन विक्रीतले नमुने प्रयोगशाळेत तपासले आणि बिंग फुटलं. काही नमुने तर प्लॅस्टिकचे निघाले. भोंदूगिरीतही भेसळ!

(पडद्यावर: पावसाळी बांध, घोरपड जीभ लपलपवत जाते)

बांधावरचे उंदीर, किडे खाणारा हा बिनविषारी प्राणी. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो वाघाच्याच यादीत, अनुसूची 1 मध्ये आहे. त्याची शिकार किंवा व्यापार केला तर किमान 3 वर्षं कैद, जास्तीत जास्त 7. विकत घेणाराही यात अडकतो, मग त्याने डबी देव्हाऱ्यात का ठेवलेली असेना.

हा धंदा पकडणं अवघड, कारण जाहिरातीत प्राण्याचं नावच नसतं. ‘हस्तिदंत’, ‘व्याघ्रचर्म’ असे शब्द अडवणारी चाळणी इथे काय कामाची? ‘मूळ’ लिहिलेला माल पूजासाहित्यात बिनबोभाट बसतो. त्यामुळे फोटो बघून ओळखणारा माणूस लागतो. वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो आणि प्राणिसंस्थांनी पाठपुरावा केल्यावर मोठ्या संकेतस्थळांनी या जाहिराती काढल्या. 2018 मध्ये जगभरातल्या 21 कंपन्या ऑनलाइन वन्यजीव तस्करीविरुद्ध एकत्र आल्या. पण जाहिरात काढली म्हणजे विक्रेता पकडला असं होत नाही. तो नवं खातं उघडतो, नाहीतर बंद ग्रुपमध्ये शिरतो. खरा माग लागतो तो पैसे गेलेल्या खात्यावरून आणि पार्सल निघालेल्या पत्त्यावरून.

(पडद्यावर: स्क्रीनशॉट)

अशी जाहिरात दिसली तर ‘बघा काय विकतायत’ म्हणून ग्रुपवर पुढे ढकलू नका. विक्रेत्याला फुकटची गिऱ्हाइकं मिळतात. खाली जाब विचारत बसलात तर तो सावध होतो. लिंक, खात्याचं नाव, किंमत आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. महाराष्ट्रात असाल तर वनविभागाला 1926 वर फोन करा.