राहिलेली गोळी गोठ्यात नको

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. सिंधुदुर्गात गुरांचा डॉक्टर म्हणून हिंडताना माझे केस पिकले. आज गुरांच्या पोटातल्या, औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंबद्दल बोलायचे आहे. पण आधी कुडाळकडच्या एका आजींच्या पाडीची गोष्ट.

श्रावणातला धो धो पाऊस. निरोप आला, पाडी हगवणीने आडवी झालीय. गाडी साकवाअलीकडेच ठेवली आणि चालत गेलो. महिन्याची तांबडी पाडी, डोळे खोल गेलेले, कान गार. आजी तिच्या उशाशी बसलेल्या. उठून त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. घरात कोणाचा ताप उतरला, कोणाचा घसा बरा झाला, की उरलेल्या गोळ्या त्या डब्यात जायच्या. चार दिवस त्यातलीच एकेक गोळी त्या गुळातून देत होत्या. मला म्हणाल्या, "डॉक्टरांनू, माज्या नातवाक ह्याच गोळ्यांनी गुण इलो. पाडयेक कित्याक येना नाय?"

शेणाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. तिथे काचेच्या बशीत जंतू वाढवतात आणि औषध लावलेल्या कागदाच्या टिकल्या त्यावर ठेवतात. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ कडे उमटते. आमच्या बशीत सहा टिकल्या होत्या. चौघींभोवती कडेच नाही! जंतू टिकलीला चिकटून वाढलेले. ती बशी मी अजून विसरलो नाही.

पाडी वाचली, पण गोळीने नव्हे. ग्लुकोज आणि क्षारांच्या पुडीचे पाणी आजींनी रात्रभर जागून थोडे थोडे पाजले. आईचे दूधही तोडले नाही. तिसऱ्या दिवशी पाडी उभी राहिली. वासरांची हगवण पुष्कळदा विषाणूंची असते, आणि विषाणूंवर या गोळ्या, म्हणजे जंतू मारणारी प्रतिजैविके, चालतच नाहीत. वासरू मरते ते अंगातले पाणी गेल्याने. म्हणून आधी पाणी. पुन्हा सांगतो, आधी पाणी. ताप असेल, शेणात रक्त दिसले, तर औषध डॉक्टर ठरवतील.

   

अपुरे औषध दिले की कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. शेजाऱ्याला बियाणे द्यावे तसा हे जंतू आपला चिवटपणा दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात. गुरांच्या पोटातले जंतू माणसांपर्यंतही पोचतात. अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या काही गुरांच्या आतड्यात ई. कोलाय नावाच्या जंतूचा एक घातक प्रकार असतो. गुरे धडधाकट दिसतात. १९८२ साली तिथे अर्धेकच्चे हॅम्बर्गर खाऊन माणसे आजारी पडली, तेव्हा तो ओळखू आला. आपल्याकडे २०१९ साली कोलिस्टिन हे औषध खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायला सरकारने बंदी घातली, कारण माणसांसाठी ते अगदी शेवटचे राखीव औषध आहे.

तर राहिलेली गोळी गोठ्यात नेऊ नका. शेणात हात घातल्यावर साबणाने धुवा, दूध उकळूनच घ्या. आणि गाईला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले असेल, तर किती दिवसांचे दूध टाकायचे ते डॉक्टरांना विचारा. ते दूध वासरालाही पाजू नका. नमस्कार.