१५ मिनिटं कुठं गेली?

(दृश्य: सकाळचे आठ. कोल्हापूर, गंगावेश. केएमटीची, म्हणजे महापालिकेच्या परिवहन सेवेची बस उभी, इंजिन सुरू. वाहक तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवतो.)

बस उशिरा आली की कोल्हापुरात शिव्या दोघांना बसतात. एक चालक, दुसरी केएमटी. दोघांचंही थोडंफार चुकतं. पण उशीर तयार होतो रस्त्यावर, आणि तो कुठं होतो हे घड्याळ लावून मोजता येतं.

समजा, ही बस गंगावेशहून निघते. पापाची तिकटी, सीपीआर चौक, दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, स्टेशन रोड, मध्यवर्ती बसस्थानक, कावळा नाका, तावडे हॉटेल आणि शेवटी गांधीनगर. अंतर धरू साधारण ८ किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर ३५ मिनिटं, शेवटच्या थांब्यावर ५ मिनिटं विसावा. म्हणजे जाऊन-येऊन ८० मिनिटांची फेरी. या मार्गावर ८ बस सोडल्या तर दर १० मिनिटांनी एक बस मिळते.

आता रस्त्यावर प्रत्येक बाजूला १५ मिनिटं जास्त लागली असं धरा. फेरी ११० मिनिटांची झाली. बस तेवढ्याच, ८. दोन बसमधलं अंतर जवळपास १४ मिनिटांवर गेलं. पुन्हा १० मिनिटांवर आणायचं तर ११ बस लागतील. तीन बस जास्त, त्यांना दोन पाळ्यांचे चालक-वाहक, डिझेल, टायर. आणि एवढं करून प्रवाशाला एक किलोमीटरही जास्तीचा मिळाला नाही. कोंडीचा खर्च असा बस चालवणाऱ्याच्या खात्यावर पडतो. बिल मात्र गाडी आडवी लावणाऱ्याला जात नाही.

(दृश्य: पापाची तिकटी. दुकानांची शटर उघडतायत. टेम्पोतून खोकी उतरतायत.)

हा जुना पेठांचा भाग. घरं आधी झाली, गाड्या नंतर आल्या. त्यामुळं वाड्यात गाडी लावायला जागा नसणं समजू शकतं. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींचं काय? नकाशात तळघर पार्किंगचं दाखवलेलं असतं, प्रत्यक्षात तिथं गोडाऊन किंवा दुकान निघतं. मग गाडी येते रस्त्यावर.

एका कारला साधारण अडीच बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. तेवढ्यात सहा दुचाकी बसतात. ७ मीटर रुंदीच्या रस्त्यावर एका बाजूला कारची रांग लागली की उरतो साडेचार-पाच मीटर. समोरासमोर आलेली बस आणि टेम्पो त्यातून जाऊ शकत नाहीत, एकाला थांबावंच लागतं. सम-विषम तारखेच्या पाट्या यासाठीच आहेत. त्या फसतात कुठं? तारीख बदलते मध्यरात्री आणि गाडीची बाजू बदलली जाते सकाळी. त्या मधल्या वेळात दोन्ही बाजू भरलेल्या असतात. माल उतरवणाऱ्या टेम्पोला जागा ठेवलेलीच नसते, म्हणून तो रस्त्याच्या मधोमध उभा राहतो. दर शंभर-दीडशे मीटरवर एका टेम्पोपुरती जागा पट्टे मारून राखली, आणि ती फक्त वीस मिनिटांसाठी असेल हे कुणीतरी उभं राहून पाळायला लावलं, तर आडवे टेम्पो कमी होतात. पट्टे मारून निघून गेलं तर आठ दिवसांत तिथं कुणाची तरी बुलेट उभी असते.

अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावहून येणाऱ्या गाड्यांचा भार याच गल्ल्यांवर पडतो. नवरात्रात बंदोबस्त असतो, वळणं ठरलेली असतात, गाड्या लांब थांबवल्या जातात. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत गर्दी असते, बंदोबस्त तेवढा नसतो. म्हणून खरी तारांबळ नवरात्रापेक्षा साध्या रविवारी दिसते.

(दृश्य: सीपीआर चौक, भाऊसिंगजी रोड. काळे कोट, रुग्णवाहिका, रिक्षा.)

सीपीआर रुग्णालय आधीपासून इथं आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही याच रस्त्यावर सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, एवढ्या सहा जिल्ह्यांतून वकील आणि पक्षकार इथं येतात. चार दशकांची मागणी पूर्ण झाली, शहराला त्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. रस्त्याची रुंदी मात्र तेवढीच राहिली.

(दृश्य: दसरा चौक. वरून. सिग्नलचे सेकंद उतरत जातात.)

इथं थोडं थांबू, कारण बसही इथंच थांबते.

चौकात जेवढे रस्ते जास्त, तेवढे सिग्नलचे टप्पे जास्त. प्रत्येक टप्पा बदलताना चार-पाच सेकंद कुणाचेच नसतात: पिवळा, मग सगळीकडे लाल, मग पहिल्या गाडीनं गिअर टाकेपर्यंतचा वेळ. पाच टप्पे असतील तर एका चक्रात वीस-पंचवीस सेकंद असेच जातात. गर्दी वाढली की हिरव्याचा वेळ वाढवा, अशी मागणी होते. तो वाढवला की इतर चार रस्त्यांवरचा लाल तेवढाच लांबतो, रांग मागच्या चौकापर्यंत जाते आणि तिथला हिरवा वाया जातो. चक्र लांबवण्यापेक्षा टप्पे कमी करणं फायद्याचं. एखादं उजवं वळण बंद करून ते पुढच्या चौकातून दिलं तर एक टप्पा वाचतो. मात्र त्या कोपऱ्यावरचे दुकानदार दुसऱ्या दिवशी निवेदन घेऊन हजर होतात, हेही गृहीत धरायचं.

बस थांबा सिग्नलच्या अलीकडं असला की गंमत बघा. सिग्नल हिरवा होतो तेव्हा बस प्रवासी चढवत असते. ते चढून होतात तोवर लाल. पुन्हा दोन मिनिटं. शिवाय डावीकडं वळणाऱ्या सगळ्या गाड्या तिच्या मागं अडकलेल्या असतात. तोच थांबा चौक ओलांडून पन्नास-साठ मीटर पुढं नेला तर बस हिरव्यावर चौक पार करते आणि मग थांबते. याला पूल लागत नाही, भूसंपादन लागत नाही. एक निवारा आणि एक खांब हलवावा लागतो.

चालणाऱ्याचा हिशेब वेगळा. १४ मीटरचा रस्ता धडधाकट माणूस बारा सेकंदांत ओलांडतो. सीपीआरला निघालेली, गुडघे दुखणारी आजी सतरा-अठरा घेते. झेब्रा पट्ट्यावर दुचाकी उभ्या असतात, त्यांना वळसा घालायचा तर आणखी पाच. वाहतूक पोलीस हाताने रस्ता थांबवतो तेव्हाच ती पलीकडं पोचते. पोलीस जेवायला गेला की आजी अलीकडंच.

(दृश्य: व्हीनस कॉर्नर ते स्टेशन रोड. पदपथ. कॅमेरा माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर.)

पदपथावर १.८ मीटर रुंदी सलग मोकळी हवी, असं भारतीय रस्ते काँग्रेसचं मानक सांगतं. उंची १५ सेंटिमीटरच्या आत. त्या १.८ मीटरमध्ये महावितरणचा डीपी, म्हणजे विजेचा डबा येतो, झाडाचा कट्टा येतो, दुकानाची पायरी येते, पाटी येते. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे प्रत्येक फाटकासमोर पदपथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. शंभर मीटरमध्ये सहा फाटकं असतील तर बारा चढउतार. त्यापेक्षा माणूस डांबरावरून चालणं पत्करतो. मग ‘पदपथ बांधून काय उपयोग, कुणी वापरतच नाही’ असं म्हणायला सगळे मोकळे. उपाय उलटा आहे: पदपथ सपाट ठेवायचा आणि आत जाणाऱ्या गाडीला चढायला लावायचं.

गतिरोधकाचंही तेच. मानक गोल माथ्याचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. गल्लीत रातोरात घातलेला उंचवटा अर्ध्या मीटरचा आणि हाताच्या वितीएवढा उंच. त्यावर गाडी मंद होत नाही, उडते. मागं बसलेल्याची कंबर जाते.

(दृश्य: मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर. रिक्षा, वडाप म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाड्या, एसटी, केएमटी.)

बस बारा मीटर लांब. थांब्यावर कडेला नीट लागायला तिला आधी आणि नंतर मोकळी जागा लागते. तिथं चार रिक्षा आणि एक वडाप उभी असेल तर बस तिरकी, रस्त्यातच थांबते. प्रवासी पदपथावरून नाही, डांबरावरून चढतो, म्हणजे पहिली पायरी १५ सेंटिमीटरनं उंच होते. गुडघ्याला ते लगेच कळतं. चढायला वेळ लागतो. तेवढ्यात बसमागचा रस्ता बंद.

वडापवाल्याला दोष देणं सोपं आहे. त्याचं गणित साधं: गाडी भरली की सुटायचं. त्यामुळं गर्दीच्या वेळी, गर्दीच्या थांब्यावर तो असतोच. दुपारी अडीचला, रिकाम्या रस्त्यावर मात्र फक्त केएमटी असते, कारण तिला वेळापत्रक पाळायचं असतं. चांगलं उत्पन्न वडापला, तोट्याच्या फेऱ्या केएमटीला. पण बस दर दहा मिनिटांनी खात्रीनं येत असती तर लोक वडापमध्ये कोंबून बसले असते का?

आणि बस जोडीनं का येतात? पहिलीला उशीर झाला की थांब्यावर माणसं जास्त जमतात. माणसागणिक दोन-तीन सेकंद, तिला आणखी उशीर. मागचीला माणसं कमी मिळतात, ती पळते आणि पुढचीला गाठते. मग अर्धा तास काही नाही आणि नंतर दोन एकदम. इलाज असा की मधल्या एखाद्या थांब्यावर नियंत्रकानं मागच्या बसला दोन-तीन मिनिटं रोखून धरायचं. आतले प्रवासी आरडाओरडा करतात. तरी तेच बरोबर.

(दृश्य: पावसातला परीख पूल. पाण्यातून ढकलली जाणारी स्कूटर.)

बसस्थानकाकडून राजारामपुरीकडं जायचं तर रेल्वेखालचा परीख पूल. खोलगट जागा, जोराचा पाऊस झाला की पाणी साचतं. तो बंद झाला की इकडची सगळी वाहनं टेंबलाई उड्डाणपुलाकडं वळतात.

(दृश्य: तावडे हॉटेल चौक. पलीकडं महामार्ग. एक पाटी: हद्द.)

कोल्हापूर महानगरपालिका १५ डिसेंबर १९७२ रोजी झाली. तेव्हापासून शहराची हद्द वाढलेली नाही, ६६.८२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत या हद्दीत ५ लाख ४९ हजार माणसं होती. पण उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, गांधीनगर, शिरोली इथली वस्ती शहराला कधीच चिकटली आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या तिन्ही औद्योगिक वसाहती हद्दीबाहेर. म्हणजे सकाळी नोकरीला शहराबाहेर जाणारे आणि शिक्षण, दवाखाना, बाजार यासाठी शहरात येणारे, दोघंही ही रेघ रोज ओलांडतात. रेघेच्या अलीकडं महापालिका, पलीकडं ग्रामपंचायत. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण स्थापन झालं, ते आणखी तिसरं.

बसला ही रेघ फार महागात पडते. केएमटीचा तोटा महापालिकेच्या तिजोरीतून भरला जातो, म्हणजे शहरातल्या घरफाळ्यातून. रेघेपलीकडच्या फेऱ्यांचा तोटाही तिथूनच. त्यामुळं काटकसरीची वेळ आली की कात्री आधी गावांच्या फेऱ्यांवर फिरते, आणि ज्यांना बस नाही ते दुचाकी घेऊन शहरात येतात आणि ती पापाच्या तिकटीला लावतात. हद्दवाढीला गावांचा विरोध उगाच नाही: कर वाढेल, शेतजमिनीवर आरक्षण पडेल, आणि शहरातल्याच सुविधा बघता आपल्याला काय मिळणार, हा प्रश्न रास्त आहे. पण बससाठी हद्दवाढ होण्याची वाट बघायची गरज नाही. गावानं फेरीगणिक आपला वाटा उचलायचा आणि त्या बदल्यात वेळापत्रक लेखी घ्यायचं, एवढा करार पुरतो.

(दृश्य: पंचगंगा, पुराचं पाणी. राजाराम बंधाऱ्यावरची मोजपट्टी.)

या मार्गाला वर्षातले काही दिवस दुसरंच घड्याळ लागतं. राजाराम बंधाऱ्याची मोजपट्टी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जयंती नाला पंचगंगेला मिळतो. नदी चढली की नाल्याचं पाणी बाहेर पडत नाही, उलट फुगवटा आत येतो. म्हणून नदीपासून लांब असलेला व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीतली कुंभार गल्ली पाण्याखाली जाते. शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्ग बंद पडतो, रत्नागिरी रस्ता आधीच बंद झालेला असतो. दोन्ही वेळा शहरात यायला-जायला वाट उरली नव्हती, इंधन आणि भाजीची टंचाई झाली. महामार्गाचा भराव पाणी अडवतो, तिथं कमानींचा पूल हवा, ही मागणी तेव्हापासूनची.

पुलांची वाट बघणं इथं नवं नाही. शिवाजी पुलाशेजारचा पर्यायी पूल बरीच वर्षं अर्धवट पडून राहिला होता, कारण शेजारची ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित स्मारक आणि पुरातत्त्व कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनं स्मारकापासून शंभर मीटरच्या आत बांधकामाला मनाई. जानेवारी २०१८ मध्ये जुन्या पुलाचा कठडा तोडून मिनी बस नदीत पडली, १३ जण गेले.

(दृश्य: संध्याकाळ. गंगावेश. दूधकट्ट्यावर म्हशी, हातात ग्लास घेतलेली माणसं. बस येऊन थांबते.)

केंद्राच्या पीएम ई-बस योजनेतून कोल्हापूरला १०० इलेक्ट्रिक बस मंजूर आहेत. त्या आवाज कमी करतील, धूर सोडणार नाहीत. पण दसरा चौकात त्याही लाल दिव्यालाच थांबणार, आणि त्यांना एक जादा अडचण आहे: कोंडीमुळं लांबलेली फेरी चार्जिंगच्या वेळेतून कापली जाते. वेळापत्रक मोकळ्या रस्त्याच्या हिशेबानं बांधलं तर संध्याकाळच्या गर्दीतच बस डेपोत उभी करावी लागेल. म्हणून आधी मोजायचं. तीन दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, प्रत्येक थांब्यावर बस आल्याची आणि सुटल्याची वेळ. तिकिटाच्या मशीनमध्ये वेळ नोंदलेली असतेच, ती फक्त कागदावर ओळीनं मांडायची.

वाहक खाली उतरतो, नियंत्रकाच्या खिडकीशी जातो. सुटायची वेळ ६ वाजून २५ मिनिटं.

घड्याळात ६ वाजून ४० झालेत. थांब्यावर तीस-पस्तीस माणसं आहेत.

“पुढं सरका, पुढं सरका. आत जागा आहे.”