फेसाची पन्हळ

[रत्नागिरीजवळचा भाट्याचा किनारा. आषाढातली सकाळ, उधाणाची वेळ.]

पावसाळ्यात भाट्याला आलात तर हा फेस बघायला मिळेल. पिवळट, जाडसर, वाऱ्यावर थरथरणारा. हा साबणाचा फेस नाही. कुजलेलं शेवाळ, मेलेलं प्लवक, माशांची विष्ठा, हे सगळं समुद्रात विरघळत असतं. त्यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. लाट फुटून पाण्यात हवा शिरली, की हे रेणू बुडबुड्यांच्या कडेला जाऊन चिकटतात आणि त्यांच्याबरोबर वर येतात. वाळूवर साचलेला हा थर म्हणजे समुद्राने बाहेर काढलेला मळ.

[घर. हॉलमधली टाकी. कपाटाचं दार उघडतं.]

माझ्या घरात हेच काम हे नळकांडं करतं. प्रोटीन स्किमर. वरच्या टाकीत दोन क्लाउनफिश आहेत, हॅचरीत वाढलेले. खाली कपाटात दुसरी टाकी आहे, तिला सम्प म्हणतात. तिच्यात, आठ इंच पाण्यात, हा स्किमर उभा असतो. पंपाच्या पंख्याला बारीक सुया आहेत. त्या हवेचे तुकडे करतात, इतके बारीक की नळकांड्यातलं पाणी दुधासारखं दिसतं. खारं पाणी असलं तरच हे नीट जमतं. विहिरीचं पाणी घातलं तर बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फेस धरतच नाही.

फेस या मानेतून वर चढतो, फुटतो आणि वरच्या कपात पडतो. काळ्या चहासारखं पाणी. वास मात्र ओहोटीला उघड्या पडलेल्या खाडीच्या चिखलाचा. कप साधारण एक लिटरचा. तो वेळेवर रिकामा करायचा, एवढंच काम. पण रोज घरी असणाऱ्यालाच ते जमतं.

आम्ही गणपतीला गावी जातो. आमच्याकडे गणपती पाच दिवसांचे. त्या वर्षी निघताना कप धुतला, गोड्या पाण्याचं चाळीस लिटरचं पिंप भरलं, शेजारी किल्ली दिली. टाकीतलं पाणी रोज दोनेक लिटर उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून तेवढंच गोडं पाणी टॉप-अपचा छोटा पंप आपोआप घालतो. सगळी सोय होती. मग पाऊस लागला आणि वीज येऊन-जाऊन करायला लागली.

वीज गेली की सम्पमधलं पाणी वर चढवणारा पंप थांबतो आणि वरच्या टाकीतलं थोडं पाणी पाइपातून सम्पमध्ये उतरतं. सम्पची पातळी दोन-तीन इंच चढते. वीज परत येते तेव्हा स्किमर त्या चढलेल्या पाण्यातच सुरू होतो. मग फेस नुसता फेस राहत नाही, पाणीच मानेतून वर उसळतं. कप भरतो आणि वाहायला लागतो. पाणी सम्पमध्ये परत पडलं असतं तर निभावलं असतं, पण कपाची कड सम्पच्या बाहेर आलेली होती. खारं पाणी जमिनीवर गेलं, सम्पमधलं कमी झालं, आणि टॉप-अपने आपलं काम चोख केलं. गेलेल्या खाऱ्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घातलं.

पाचव्या दिवशी दार उघडलं तेव्हा हॉलभर पाणी होतं. कपाटाचं प्लायवूड फुगलं होतं, एक्स्टेन्शन बोर्ड थोडक्यात वाचला होता. खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब ठेवून तो उजेडाकडे धरला. हजार भागांत पस्तीस भाग मीठ हवं, आतली रेघ जेमतेम बत्तिसावर होती. पिंप पूर्ण रिकामं. मासे तगले. खडकाखाली राहणारी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी मेली होती. माशांपेक्षा कोळंबीला असा बदल लवकर बाधतो. ती तीन वर्षं आमच्याकडे होती.

म्हणून ही नळी.

[टेबलावर कप, नळी, क्लॅम्प, पाच लिटरचा कॅन.]

माझ्या कपाच्या तळाला तोटी आधीपासून होती, बूच लावलेली. बूच काढायचं आणि बारा मिलिमीटरची सिलिकॉनची नळी क्लॅम्पने घट्ट बसवायची. तोटी नसेल तर भोक पाडावं लागतं. ड्रिल अगदी हळू, वरून पाण्याची धार सोडत. अ‍ॅक्रिलिक तापलं की तडकतं. एअर पंपाची बारीक नळी वापरू नका, हा गाळ तिच्यात आठवड्यात बसतो.

कॅन कपाच्या खाली. नळी कपाटाच्या मागून फिरवली आणि समाधान वाटलं. आमच्या आळीतले प्लंबरकाका दुसऱ्या कामाला आले होते, त्यांनी वाकून पाहिलं.

“पोट आलंय रे नळीला.”

मध्येच नळी खाली झुकली होती. काकांचं लहानपण पोफळीच्या बागेत गेलेलं. विहिरीचं पाणी पोफळीच्या पन्हळीतून झाडांपर्यंत न्यायचं, हे त्यांच्या वडिलांचं काम.

“पन्हळ अशी लावलीस तर पाणी तिथेच बसणार. पुढे जायचं कसं?”

खरंच तसं होतं. खोलगट जागेत पाणी साचतं, त्याच्या पुढची हवा अडकते, गाळ तिथे घट्ट होतो, आणि वरून पडणारं पाणी कपातच राहतं. काकांनी नळी चार इंच कापली, दोन क्लिपा मारल्या आणि कपापासून कॅनपर्यंत सलग उतार दिला. मग तांब्याभर पाणी कपात ओतलं. न थांबता खाली गेलं.

कॅनच्या झाकणाला दोन भोकं आहेत. एकातून नळी येते, तिचं टोक कॅनमधल्या पाण्याच्या वरच राहतं. दुसरं हवेसाठी. ते नसेल तर आतली हवा बाहेर पडत नाही आणि पाणी उतरत नाही. त्यावर कोळशाच्या दाण्यांची छोटी बाटली उलटी बसवली आहे. वास बराच अडतो.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला ते सांगतो. ही नळी थेट न्हाणीघराच्या मोरीत सोडू नका. मला आधी तेच करायचं होतं. कधीच काही उचलायला नको, असं वाटलं. पण स्किमर उसळला तर मोरी कितीही पाणी गिळते. जमीन कोरडी राहते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि टॉप-अप गोडं पाणी घालत राहतो. माझ्या टाकीत आणि सम्पमध्ये मिळून तीनशे लिटर पाणी आहे. पाच लिटर खारं गेलं आणि तेवढंच गोडं आलं, तर ३५ चे साधारण ३४.४ होतात. कोळंबीला ते सोसतं. पंचवीस लिटर गेलं तर ३२ च्या आसपास येऊन पोचतो, म्हणजे पुन्हा तोच गणपती. तेव्हा कॅन मोठा घेऊ नका. जेवढं पाणी गेलं तरी टाकी सांभाळून घेईल, तेवढाच घ्या.

आणि भरला की स्किमर बंद पडला पाहिजे. त्यासाठी हा फ्लोट स्विच. पाणी वर आलं की तरंगता भाग उचलला जातो, रिले पडतो, स्किमरची वीज तुटते. स्विचमधून बारा व्होल्टच जातात. घरची २३० व्होल्टची लाईन खाऱ्या पाण्याजवळच्या स्विचमधून नेणं म्हणजे जिवाशी खेळ. नळीला झोळ नको म्हणालो, वायरीला मात्र मुद्दाम झोळ ठेवला आहे. ओघळ आला तर तो झोळाच्या तळाशी ठिबकतो, प्लगपर्यंत जात नाही.

शिवाय स्किमरला दहा मिनिटांचा डिले टायमर. वीज आल्यावर आधी वर पाणी चढवणारा पंप चालतो, सम्पची पातळी उतरते, मग स्किमर. हे आधी केलं असतं तर बहुधा ती कोळंबी असती.

कॅनमधलं पाणी मी संडासात ओततो. आजी म्हणते, माडाच्या मुळात घाल, माडाला मीठ चालतं. महिन्यातून एकदा तिचं ऐकतो. खाडीत मात्र कधीच नाही. टाकीतले जीव इथले नाहीत, त्यांचे रोग खाडीतल्या माशांना कशाला.

नळी लावली म्हणून कप उघडायचा राहत नाही. मानेच्या आत मेणासारखा थर बसतो, आणि तो बसला की फेस चढायचा मंदावतो. चार-पाच दिवसांनी पुसावाच लागतो.

[रात्र. मोबाइलच्या उजेडात घेतलेलं चित्रण.]

हे यंदाचं, गावाहून परतलो त्या रात्रीचं. वीज किती वेळा गेली ते शेजाऱ्यांनाही सांगता आलं नाही. प्लायवूड कोरडं. कॅनमध्ये अडीच लिटरच्या खुणेपर्यंत काळं पाणी. रिफ्रॅक्टोमीटरवर ३५. कप काढला, मान बोटाने पुसली, धुऊन परत बसवला. नव्या पुसलेल्या मानेतून फेस पुन्हा वर यायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली.