सा ग नि प : 'अप'मधल्या एका चालीचा माग

(पडद्यावर: पेटीच्या पट्ट्या, अगदी जवळून. एकच हात.)

पांढरी चारला, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या पांढऱ्या पट्टीला, सा धरा. मग पांढरी सहा, म्हणजे ग. तिथून खाली पांढरी तीन, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला नि. आणि शेवटी पांढरी एक, मंद्र प.

सा, ग, नि, प. एकाही काळी पट्टीला हात लागत नाही. पहिल्याच दिवशी पेटीपुढे बसलेलं पोरही हे वाजवील.

2009 साली आलेल्या पिक्सारच्या 'अप' या चित्रपटातल्या कार्ल आणि एली या नवराबायकोची चाल याच चार सुरांनी सुरू होते. संगीतकार मायकल जियाकिनो. या चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना 2010 मध्ये ऑस्कर मिळालं.

आता पांढरी तीन आणि पांढरी चार एकदम दाबा. दोन्हींमध्ये काळी पट्टी नाही, त्यामुळे सूर एकमेकांना घासतात. शुद्ध निषाद, म्हणजे नि, लागला की कान षड्जाची, म्हणजे सा ची, वाट पाहतो, हे तंबोऱ्याजवळ बसलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. इथे नि सा कडे जातच नाही, खाली प वर उतरतो. चाल आनंदी वाटते, तरी आत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, ते या उतरण्यामुळे. म्हणून हीच चाल लग्नालाही चालते आणि मरणालाही.

(पेटी थांबते. टाळी: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन.)

ठेका तीनचा, वॉल्ट्झ या पाश्चात्य नाचाचा. दादरा ओळखीचा असला तर हात आपोआप सहा मोजेल, पण चौथ्या मात्रेवर 'खाली', म्हणजे टाळीविना जाणारी मात्रा, शोधू नका. वॉल्ट्झमध्ये दर तिसऱ्या मात्रेनंतर पुन्हा वजन येतं: धूम-चक-चक, धूम-चक-चक. 'धूम' खालच्या सुरांच्या वाद्यांकडे, 'चक-चक' वरच्यांकडे.

आणि इथेच मोबाईल घात करतो. त्याच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. धूम गळतं, नुसतं चक-चक उरतं आणि चाल लंगडते. साधे वायरचे इअरफोनही यापेक्षा बरे. टीव्हीवर पाहत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम' बंद करा. ही सोय मोठा आवाज दाबते आणि लहान आवाज उचलते. या चित्रपटात तीच नडते, कारण सगळी गंमत मोठ्याकडून लहानाकडे जाण्यात आहे.

कार्ल आणि एलीच्या संसाराची ती सुमारे चार मिनिटं आठवा. संवाद नाहीत. सुरुवातीला जुन्या जॅझच्या ढंगात म्यूट लावलेला ट्रम्पेट आणि व्हायोलिन. म्यूट म्हणजे ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडात बसवायचं बूच. त्याने आवाज बारीक आणि थोडा नाकातला होतो. खट्याळपणा त्यातूनच येतो. दवाखान्याच्या खोलीत लय पडते, वाद्यं गळतात. मग संसार पुन्हा उभा राहतो, तशी चालही. दवाखान्याच्या खोलीत लय पडते, वाद्यं गळतात. मग संसार पुन्हा उभा राहतो, तशी चालही. शेवटी पियानो उरतो, एकटा.

हे चित्राशी जुळवायचं म्हणजे हिशेबाचं काम. चित्रपट सेकंदाला 24 फ्रेम धावतो. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली, तर एक मात्रा बरोबर 12 फ्रेमची. संकलकाने एक सेकंद कापला की दोन मात्रा गेल्या, आणि तीनच्या ठेक्यात एकच मात्रा लोंबकळत राहिली. मग तो तुकडा नव्याने लिहावा लागतो किंवा लय किंचित ओढून चोरून घ्यावी लागते. चांगल्या कामात ही चोरी ऐकू येत नाही.

ऐकायचं कसं? तोच प्रसंग तीनदा घ्या. आधी नेहमीसारखा. मग डोळे मिटून, आणि दर वेळी चाल कोणत्या वाद्याकडे गेली तेवढंच मोजत. तिसऱ्यांदा आवाज बंद करून. मुलं सोबत असतील तर हा तिसरा फेरा त्यांना सगळ्यांत आवडतो. चाल ती स्वतःच गुणगुणायला लागतात.

त्यानंतर पुढचा चित्रपट वेगळा ऐकू येतो. फुग्यांनी घर उचललं जातं तिथे तीच चाल पूर्ण ऑर्केस्ट्रासह फुलते. आणि बऱ्याच पुढे, कार्ल एकटा खुर्चीत बसून एलीची वही उघडतो. कोरी समजलेली पानं उलटतो, तर फोटो निघतात.

(पेटीवर पुन्हा, अगदी सावकाश.)

सा. ग. नि. प.

तिथे आवाज वाढवू नका. पियानोचा सूर विरत जातो तेवढा जाऊ द्या.