जुना कॉम्प्युटर, मोठी डिस्क आणि खिडकीतला कूलर

श्रोतेहो, नमस्कार. बाहेर पारा 45 च्या घरात, अन् खिडकीखिडकीत कूलर घरघरतायत. आज बोलायचंय एक्स्टर्नल हार्ड डिस्कबद्दल. म्हणाल, कूलरचा काय संबंध? आमच्या घरी आला.

4 टीबीची डिस्क टेबलाच्या कडेला उभी ठेवली होती, पुस्तकासारखी. तिच्या अ‍ॅडॅप्टरची वायर खिडकीजवळच्या बोर्डापर्यंत ताणलेली. संध्याकाळी आई बादली घेऊन कूलर भरायला आली, वायर पायात आली आणि डिस्क चालू असतानाच फरशीवर. "काही झालं का रे?" आई विचारतेय तोवर आतून आवाज सुरू झाला, टक... टक... टक. आजोबांची कीर्तनं कॅसेटवरून उतरवून त्यात ठेवली होती. उतरवून झाल्यावर कॅसेटी मीच भंगारात दिल्या होत्या. आईला काय बोलणार?

या डिस्कच्या आत तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात, आणि वाचणारं हेड त्यांच्यावर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. बंद डिस्क पडली तर एखादवेळी वाचते. चालू असताना पडली की हेड तबकडीवर आपटतं.

आता माझी डिस्क आडवी असते, भिंतीच्या बाजूला, खाली वेल्क्रोच्या दोन पट्ट्या. वायर टेबलाच्या पायाला क्लिपनं बांधलीय, म्हणजे ओढ बसली तरी ती पायाला बसेल, डिस्कला नाही. टेबल कूलरला टेकलेलं नाही, कारण त्याची थरथर रात्रभर चालते. आणि कूलरची ओली हवा थेट डिस्कवर येऊ देऊ नका, पण गरम होते म्हणून कपाटातही कोंडू नका. दुकानात काउंटरवर ठेवत असाल तर मागे लहानशी आयताकृती खाच आहे का बघा. लॅपटॉपला लावतात तसं स्टीलच्या तारेचं कुलूप तिच्यात बसतं. उचलेगिरी त्यानं थांबते, हिसका मारणारा मात्र थांबत नाही.

आता जुन्या कॉम्प्युटरचं. अ‍ॅडॅप्टर नसलेली छोटी डिस्क सगळी वीज यूएसबीतून घेते. जुना यूएसबी 2.0 पोर्ट 500 मिलिअ‍ॅम्पिअरच देतो, तेवढ्यात काही डिस्क नुसत्याच टकटकत बसतात. ही टकटक ऐकून लगेच घाबरू नका. समोरचा पोर्ट सोडून कॅबिनेटच्या मागचा वापरा, नाहीतर स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारा डबा, घ्या.

विंडोज एक्सपी अजून जपून ठेवलेले बरेच जण असतील. डिस्कवर कुठला भाग कुठे सुरू होतो याची नोंद ठेवायची जुनी पद्धत म्हणजे एमबीआर. तिच्यात 512 बाइटच्या सेक्टरांची, म्हणजे कप्प्यांची, डिस्क 2 टीबीच्या पुढे मोजताच येत नाही. त्यापुढे जीपीटी ही नवी पद्धत लागते, आणि 32 बिट एक्सपीला ती वाचता येत नाही. अशा मशीनला भरलेली डिस्क लावली आणि त्यानं "फॉरमॅट करू का?" विचारलं, तर बाप्पा, 'नाही'च म्हणा! डिस्क चांगली असते, मशीनला ती समजत नाही. विंडोज 7 किंवा त्यापुढच्या कॉम्प्युटरवर लावून बघा.

आणि दुसरी प्रत काढायला बसाल तेव्हा हाताशी वेळ ठेवा. यूएसबी 2.0 वर सेकंदाला साधारण 30 एमबी सरकतात, म्हणजे 1 टीबीला 9 तासांहून जास्त. रात्री जेवणं उरकल्यावर, कूलर भरून झाल्यावर सुरू करा. कॉम्प्युटर आणि डिस्कचा अ‍ॅडॅप्टर दोन्ही यूपीएसवर असू द्या. आणि सकाळी 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय वायरीला हात लावू नका.