खानाचे अकरा रुपये

नमस्कार श्रोतेहो.

आज मी तुमच्याशी वझिरिस्तानबद्दल बोलणार आहे. नाव ऐकून रेडिओचं बटण फिरवू नका. वझिरिस्तान सोलापुरात एकदा पायी चालत आलं होतं, आमच्या बोळात, आमच्या ओट्यावर. ते मी सांगणारच आहे. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच हा विषय मी मागून घेतला. पण आधी थोडं नकाशाचं बघू.

पाकिस्तानच्या वायव्येला, अफगाणिस्तानच्या सीमेला चिकटून एक डोंगराळ पट्टा आहे. १८९३ साली इंग्रजांनी तिथं सीमारेषा ठरवली, ड्युरँड रेषा. ती पठाण टोळ्यांच्या मधूनच गेली. एक भाऊ अलीकडं, एक पलीकडं. त्या पट्ट्यातला एक तुकडा म्हणजे उत्तर वझिरिस्तान. केवढा म्हणाल, तर साधारण ४,७०० चौरस किलोमीटर. आपले बार्शी, माढा आणि करमाळा हे तीन तालुके एकत्र धरा, झालं उत्तर वझिरिस्तान. फक्त आपल्याकडं ज्वारी दिसते तिथं उघडे डोंगर.

२००१ नंतर अफगाणिस्तानातून पळालेले तालिबान, अल कायदावाले, उझबेक लढवय्ये असे सगळे या डोंगरांत येऊन बसले. २००७ साली पाकिस्तानी तालिबान ही संघटना उभी राहिली. सरकार कधी लढलं, कधी त्यांच्याशी करार केले, करार मोडले की पुन्हा लढलं. मग ८ जून २०१४ च्या रात्री कराचीच्या विमानतळावर हल्ला झाला आणि आठवड्यात, १५ जूनला, पाकिस्तानी लष्करानं उत्तर वझिरिस्तानात मोहीम जाहीर केली. नाव दिलं 'झर्ब-ए-अज्ब'. अज्ब ही पैगंबरांची तलवार, तिचा घाव. (मोहिमांची नावं ठेवणारी माणसं कोण असतात हे मला एकदा बघायचंय. सगळ्या देशांत ती एकाच शाळेत शिकलेली वाटतात. 'पोती उचलणे', 'माणसं हलवणे' असं नाव कुणी ठेवत नाही.)

आता मुद्दा ऐका. डाळीत खडे असले की आपण काय करतो? ताट घेऊन दारात बसतो, उजेडाकडं तोंड करून, आणि एकेक खडा निवडतो. डोळे दुखतात, वेळ जातो. वझिरिस्तानात खडे निवडले नाहीत. ताटच रिकामं केलं. लोकांना सांगितलं, निघा. विमानांचा मारा आधीच सुरू झाला होता, आणि ३० जूनला पायदळ आत घुसलं. मधल्या दिवसांत माणसं बाहेर पडली ती ट्रकमधून, ट्रॅक्टरवरून, बरीच चालत. अंगावर जून महिन्याचं ऊन. बरीचशी गेली ती डोंगराखालच्या शेजारच्या बन्नू शहराकडं, आणि बन्नूचं जूनचं ऊन म्हणजे आपला मे महिना समजा, आणि त्यात रमजान लागला. किती माणसं? नोंद झाली ती जवळपास १० लाखांची. सोलापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख होती. म्हणजे सात रस्त्यापासून बाळ्यापर्यंत, अक्कलकोट नाक्यापासून विजापूर रोडपर्यंत सगळी घरं कुलूप लावून निघाली, असं डोळ्यासमोर आणा. अख्खं सोलापूर.

एक गोष्ट मात्र त्यातून बरी झाली. तालिबाननं २०१२ पासून त्या भागात पोलिओचा डोस बंद पाडला होता. ही मुलं बाहेर पडली तेव्हा वाटेतच, चौकीवर, त्यांच्या तोंडात दोन थेंब घातले. २०१४ साली पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण सापडले होते, म्हणजे बघा गरज किती होती.

तर ताट रिकामं केलं, एवढं लक्षात ठेवा. आता माझी गोष्ट.

माझे आजोबा जुन्या गिरणीत साचेखात्यात होते. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात दोन तऱ्हेची माणसं उभी असायची. एक बायका, नवऱ्याच्या हातातला पगार दारूच्या दुकानाआधी आपल्या हातात यावा म्हणून. आणि दुसरे पठाण. सहा फूट उंच, अंगात कळकट जाकीट, हातात काठी आणि जाकिटाच्या आतल्या खिशात वही. रुपयाला महिना आणा व्याज. हिशेब करा, वर्षाला रुपयाचे पाऊण रुपये होतात. तरी लोक घ्यायचे, कारण पठाण गहाण मागत नसे. काठी हेच त्याचं गहाणखत.

आमच्या आजोबांनी आत्याच्या लग्नात पंचवीस रुपये घेतले. मुद्दल कसंबसं अकरावर आणलं आणि तिथंच गाडी अडली. मग दर पगाराला नाटक. आजोबा मागच्या दारानं निघायचे, तर पठाण मागच्या दारी. पुढून निघायचे, तर तो पुढं. एकदा म्हणे ते चादरींच्या गठ्ठ्यांच्या हातगाडीवर गठ्ठा होऊन झोपून बाहेर आले, आणि खान गाडीशेजारून चालत घरापर्यंत आला. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "गठ्ठा खोलो."

(चादरीवरनं आठवलं. सोलापुरी चादर म्हणून जे सध्या बाहेरच्या शहरांत ढीग लावून विकतात ना, ते हातात घेऊन बघा. उलटी बाजू बघा. अस्सल चादर दोन्ही बाजूंनी पांघरता येते. जाऊ द्या, हा माझा जुना ठणका आहे.)

त्याला सगळे खानच म्हणत. तो बन्नूच्या पलीकडचा, वझीर टोळीतला. आजी त्याला चहा द्यायची. कप वेगळा होता, खुंटीवर टांगलेला, हेही सांगायला पाहिजे. तो तिला 'माई' म्हणायचा आणि तिच्यासमोर काठी ओट्याखाली ठेवायचा. पण वही कधी खाली ठेवायचा नाही.

हे १९३७ सालचं. त्या वर्षी वझिरिस्तानात इंग्रजांची मोठी मोहीम चालू होती. इपी हे तिथलं एक गाव. इपीचा फकीर म्हणून एक माणूस होता, मिर्झा अली खान. बन्नूच्या एका खटल्यावरून त्यानं आदल्या वर्षी डोंगर पेटवले होते. त्याला धरायला इंग्रजांनी सुमारे ४०,००० फौज लावली, विमानं लावली. सापडला नाही. १९६० साली म्हातारा होऊन आपल्या मुलखात वारला, तोवर इंग्रज जाऊन तेरा वर्षं झाली होती. पण हे आम्हाला पुढं कळलं. तेव्हा आमच्या बोळात कुणाला इपीही माहीत नव्हतं आणि फकीरही.

एका संध्याकाळी खान आला. पगाराचा दिवस नव्हता. आजोबा सवयीनं माळ्यावर चढले. खान ओट्यावर बसला आणि वहीच्याच खिशातून एक कागद काढला. चार घड्या घातलेला, घामानं मऊ झालेला. तो स्वतः वाचता न येणारा माणूस. वहीत आकडे नव्हते, रेघा होत्या, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. इतकी वर्षं लोक त्या वहीला घाबरत होते आणि आत रेघा!

आजीनं पलीकडच्या बोळातल्या मोमीन चाचांना बोलावलं. मागावरून उठून आले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, बोटांना रंग. कंदील जवळ घेतला. पत्र उर्दूत होतं, बन्नूच्या बाजारात कुणाकडून तरी पैसे देऊन लिहवून घेतलेलं. चाचा वाचत गेले आणि थांबत थांबत आमच्या भाषेत सांगत गेले.

विमानातून आधी कागद पडले. पोरं पतंगाच्या मागं पळतात तशी पळाली. कागदावर लिहिलं होतं, अमुक दिवसाच्या आत गाव सोडा, परत येऊ नका. आम्ही शेळ्या घेऊन गुहेत गेलो. म्हातारीला पाठीवर घेतलं. मग विमानं आली. तुझ्या घराचा बुरूज पडला. गहू गेला. फकीर एक रात्र चुलतभावाकडं उतरला होता, त्यासाठी सगळं गाव.

चाचा थांबले. खान म्हणाला, "चचेरे भाई के घर में मेहमान आया. मेहमान को कौन निकालता है? और घर तो मेरा गिरा."

इतक्यात माळ्यावरून आजोबा खाली आले. स्वतःहून. खानाला बघून खाली आलेले ते पहिल्यांदाच. तुम्हाला माहीत आहे, १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, त्याच प्रकरणात १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले. चौकातून रोज जाता तुम्ही. त्या मे महिन्यात आजोबा मिरवणुकीत नव्हते. तापानं अंथरुणात होते. पण चाळीतल्या कुणी तरी दगड मारला म्हणून चाळीतले सगळे गडी उचलले. आजोबा चार दिवस कोठडीत, अंगात ताप, अंगावर तीच गोधडी.

आजोबा खानाजवळ बसले. म्हणाले, "खानसाब, मलाबी तसंच नेलतं बघा. दगड कुणी मारला त्यो अजून म्हाईत न्हाई."

खानाला मराठी किती कळलं देव जाणे. बराच वेळ कुणी बोललं नाही. कंदिलाची काच काळी झाली म्हणून आजीनं ती पदरानं पुसली, हात भाजला. मग खानानं पत्राच्या चार घड्या घातल्या, ते खिशात ठेवलं, आणि त्याच खिशातून वही काढली.

"सूद?"

आजी फटकन म्हणाली, "बुरूज पडला तरी याज हुबंच का रं तुजं?"

आणि आजोबांनी त्या महिन्याचे अकरा आणे दिले. पळून न जाता दिलेले तेवढेच.

ही गोष्ट मी का सांगितली? कारण गुन्हा एकाचा आणि घर दुसऱ्याचं, हे तिथं कायद्यातच लिहिलं होतं. १९०१ चा सरहद्द गुन्हे कायदा. टोळीतल्या एकानं काही केलं तर सगळ्या टोळीला दंड, सगळ्या टोळीची नाकेबंदी. इंग्रज १९४७ ला गेले, हा कायदा राहिला. पाकिस्ताननं तो इमानेइतबारे चालवला, थेट २०१८ पर्यंत. त्या वर्षी घटनादुरुस्ती करून तो पट्टा खैबर पख्तुनख्वा प्रांतात घेतला, तेव्हा कुठं तो सुटला. म्हणजे २०१४ ला ती १० लाख माणसं घर सोडून निघाली, तेव्हा त्यांच्यावर खानाच्या वडिलांच्या काळातला कायदा चालू होता. गुन्हा एकाचा, घर दुसऱ्याचं.

मोहिमेचं काय झालं, तेही सांगतो. मीरानशाह, मीर अली ही गावं लष्करानं घेतली. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या शाळेत तालिबाननं सव्वाशेहून जास्त मुलं मारली. त्या बातमीनंतर आपल्याकडंही शाळांत दोन मिनिटं उभं राहिले होते. मारणारे कोण होते याबद्दल माझ्या मनात काडीचीही दयामाया नाही, हे स्पष्ट सांगतो. लष्करानं पुढं जाहीर केलं, दीड वर्षात ३,४०० अतिरेकी मारले आणि आपले ४८८ जवान गेले. जवान तर गेलेच. पण ते ३,४०० कोण कोण होते हे बाहेरच्या वार्ताहराला आत जाऊन बघता येत नव्हतं. हल्ले काही वर्षं खरोखर कमी झाले. आणि खडे? बरेच खडे घरंगळत रेषेपलीकडं गेले, अफगाणिस्तानात. २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती गेलं आणि ते परत अलीकडं यायला लागले. जून २०२४ मध्ये पाकिस्तान सरकारनं आणखी एका मोहिमेची घोषणा केली. नाव पुन्हा भारदस्तच.

माणसं २०१५ च्या मार्चअखेरपासून थोडी थोडी परतू लागली. मीरानशाहचा बाजार होता तिथं मोकळं मैदान. सरकारनं भरपाई ठरवली, पूर्ण पडलेल्या घराला ४ लाख, अर्धवट पडलेल्याला १ लाख ६० हजार, त्यांचे रुपये. एकेका घरात तीन भाऊ, त्यांची बायकापोरं. अर्धवट पडलेल्या घरात अर्धवट कसं राहायचं, ते यादीत नव्हतं.

आमचा खान १९४७ च्या उन्हाळ्यात गावी गेला. जाताना वही दाखवून गेला, अकरा रेघा. परत आला नाही. आला असता तरी मधे आता सीमा होती. कप खुंटीवर तसाच राहिला, पुढं कधी तरी पोरांनी फोडला.

तेव्हा ते अकरा रुपये अजून आमच्याकडंच आहेत. रुपयाला आण्यानं आज त्याचे किती झाले, ते मोजायला मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. आजी म्हणाली, "ठेव ते. त्यो ईल तवा बगू."

नमस्कार.